एक रेघ जास्तीची

मी एक बुरशी आहे. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. फक्त एक गैरसमज आधीच दूर करते. विसरलेल्या पावावर किंवा कपाटातल्या ओलसर बुटांवर जी दिसते, ती मी नव्हे. ती आमची लांबची नातेवाईक. मी मातीतली. शास्त्रज्ञ आम्हाला फ्युजेरियम म्हणतात. आमच्यामुळे झाडाला जो रोग होतो त्याला ‘मर’ म्हणतात, आणि बागायतदार पुष्कळदा आम्हालाच ‘मर’ म्हणून मोकळे होतात.

मला कान नाहीत, डोळे नाहीत. पण आत्मवृत्त सांगायला बसले आहे म्हटल्यावर ‘ऐकलं’, ‘पाहिलं’ असं म्हणावं लागणारच. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म नेमका कधी झाला ते सांगता येत नाही. आमच्यात जन्माला येणं म्हणजे आईचाच एक कण सुटून वेगळा होणं. आईपासून मी, माझ्यापासून माझ्या लेकी, सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. प्रत्येकीच्या पोटात गुणसूत्रं असतात. घराण्याचं सगळं ज्ञान बांधून ठेवलेली गाठोडी समजा. अन्न कसं पचवायचं, अंगाभोवतीची भिंत कशी बांधायची, बीजाणू कसे सोडायचे, हे सगळं मोठ्या गाठोड्यांत असतं. ती हरवली तर आम्ही संपलोच.

माझ्यात या मोठ्या गाठोड्यांच्या जोडीला एक लहानसं गाठोडं जास्तीचं होतं. त्याच्यावाचून माझं काही अडत नव्हतं. कुजक्या पानावर, वाळक्या मुळावर मी मजेत राहिले असते. पण जिवंत टोमॅटोच्या मुळात शिरायचं, झाडाच्या राखणदारांना गुंगारा द्यायचा आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत बिऱ्हाड थाटायचं, तर त्या लहान गाठोड्यातलीच हत्यारं लागत. ते माझ्या घराण्यात कुठून आलं, मला माहीत नाही. आईकडे होतं, म्हणून माझ्याकडे आलं.

माझं बालपण एका बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये गेलं. काळे प्लॅस्टिकचे रोपांचे ट्रे एकात एक घालून रचलेले, खालच्या ट्रेच्या कोपऱ्यात वाळक्या मातीचा चिमूटभर थर, आणि त्या थरात जाड कवच पांघरून मी. असं आम्ही वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. मालकाने धंदा गुंडाळला, सामान विकायला काढलं, आणि एका सकाळी आमची रास कुणीतरी उचलली.

“बघ, एकही तडकलेला नाही,” एका बाईचा आवाज आला.

“ताई, दुसऱ्याचं वापरलेलं आपल्याला कशाला?” हा पुरुषाचा.

“आपल्याला नाही, मला. तू घे तुझे नवे कोरे.”

त्या बाई म्हणजे ताई आणि तो त्यांचा धाकटा भाऊ. त्यांच्या वडिलांनी गावाबाहेर समोरासमोर दोन काचघरं बांधली होती, मधे माल निवडायची खोली. वडील गेल्यावर एक ताईंकडे आलं, एक धाकट्याकडे. ताईंनी लग्न केलं नव्हतं. काचघर हाच त्यांचा संसार, आणि राहायचंही त्याला लागूनच असलेल्या दोन खोल्यांत. धाकटा बायकोसह निवडायच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहायचा. दुपारचं जेवण मात्र तिघांचं एकत्र व्हायचं, निवडायच्या टेबलावर, टोमॅटोचे खोके एका बाजूला सारून.

दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. ताई काटकसरी आणि कमालीच्या टापटिपीच्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या मातीवर ताडपत्री पसरून खालून कडकडीत वाफ सोडायच्या, म्हणजे मातीतलं बरंवाईट सगळं मरून जावं. धाकट्याला नव्या वस्तूंची हौस, पण वाफेचा कंटाळा. “माती आहे ती,” तो म्हणायचा, “जेवायचं ताट नाही घासूनपुसून ठेवायला.” रोज पाण्यावरून दोघांची वादावादी. ताईंच्या मते तो झाडं बुडवायचा, त्याच्या मते ताई झाडं तहानलेली ठेवायच्या. त्या वादात राग कमी आणि सवय जास्त होती.

ताईंनी ट्रे साबणाच्या पाण्याने खसाखसा घासले. पण ब्रश कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि मी कोपऱ्यात होते.

त्यात माती भरली गेली, बी पडलं, पाणी आलं. टोमॅटोचं कोवळं मूळ माझ्या शेजारून खाली उतरलं, त्याचा वास लागला आणि मी कवच फोडलं. रोपं मोठी होऊन ताईंच्या काचघरात लावली गेली, त्यांच्या मुळांबरोबर मीही गेले. तिथली माती वाफेने धुऊन निघालेली. ना कुणी अडवणारं, ना कुणी जागेसाठी भांडणारं. रिकाम्या घरात पाहुणा कसा पाय पसरतो, तशी मी पसरले.

मला यात काही वाईट वाटलं का? नाही. मी जेवत होते.

नेमक्या त्याच सुमारास ताईंच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना त्यांनी काचघराची किल्ली धाकट्याच्या हातात दिली.

“पाणी बेतानं घाल.”

“ताई, तू पोटाकडे लक्ष दे. झाडांकडे मी बघतो.”

त्याने खरंच बघितलं. सकाळी आधी ताईंच्या काचघरात यायचा, दारात चपला बदलायचा, दोऱ्यांवर चढवलेले वेल एकेक करून नीट करायचा, फुटवे खुडायचा. पाणी त्याच्या सवयीपेक्षा कमी घालायचा. एकदा नळ बंद करताना स्वतःशीच पुटपुटला, “नाहीतर आल्याआल्या माझं डोकं खाईल.” ताईंची झाडं त्याने स्वतःच्या झाडांपेक्षा जपली, हे माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

पण मी तोवर नळ्यांत पोचले होते. पहिल्यांदा खालची पानं पिवळी पडली, तीही पानाच्या एकाच बाजूने. मग भर दुपारी शेंडे माना टाकायला लागले. संध्याकाळी सावरायचे, म्हणून धाकट्याला वाटलं, ऊन जास्त आहे. काचांवर त्याने चुन्याचं पाणी मारून सावली केली. ताई परतल्या त्या दिवशी शेंडे संध्याकाळीही वर आले नाहीत.

पोटाला हात धरून ताई दारात उभ्या राहिल्या. रांगांमागून रांगा लोंबत होत्या. त्या निवडायची खोली ओलांडून समोरच्या काचघरात गेल्या. धाकट्याची झाडं ताठ, हिरवीगार, घड लागलेली.

“काय घातलंस माझ्या झाडांना?” त्यांनी विचारलं.

“पाणी. अजून काय घालणार?”

“पाण्यानं झाडं अशी मरत नाहीत.”

“मग मला काय विचारतेस? मला कळलं असतं तर थांबवलं नसतं का?”

त्या दिवशी तेवढ्यावरच राहिलं. पण दुपारची जेवणं गप्प गप्प व्हायला लागली. आणि मग भाजीचा व्यापारी आला. दरवर्षी तो ताईंचा माल आधी उचलायचा, उरलेली गरज धाकट्याकडून भागवायचा. यंदा ताईंकडे उचलण्यासारखं काही नव्हतं. निवडायच्या खोलीत उभं राहून त्याने सगळा माल धाकट्याकडून घ्यायचं ठरवलं. ताई तिथेच रिकामे खोके रचत होत्या.

ताईंनी झाडांची डॉक्टरीण बोलावली ती त्याच आठवड्यात. ही संशोधन केंद्रातली, आमच्यावर अभ्यास करणारी. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. तिने ताईंच्या झाडाचं खोड उभं चिरलं, आतली तपकिरी रेघ ताईंना दाखवली. मग दोन्ही काचघरांतली माती आणि मुळं वेगवेगळ्या पिशव्यांत घेतली. अशी मी पहिल्यांदा त्या जागेबाहेर पडले.

प्रयोगशाळेत मला बटाट्याच्या रसाच्या जेलीवर ठेवलं. जेवण बरं होतं. मी पांढरी, कडेला गुलाबीसर, कापसासारखी फुलले. शेजारच्या बशीत धाकट्याच्या मातीतली बुरशी होती. तीही पांढरी, गुलाबीसर, कापसासारखी. सूक्ष्मदर्शकाखाली माझे बीजाणू कोयत्याच्या पात्यासारखे बाकदार, तिचेही तसेच. डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला.

“ताई, मर रोगच आहे. आणि बुरशी दोन्ही काचघरांत तीच आहे. तुमच्या भावाकडेही आहे.”

त्या जे बोलल्या ते त्यांना दिसलं तेवढं बरोबर होतं. पण ताईंच्या कानात ते वेगळंच शिरलं. बुरशी दोन्हीकडे तीच. मग त्याची झाडं ताठ कशी? म्हणजे झाडं बुरशीने मारलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्यापारी माल भरत असताना ताई निवडायच्या खोलीत आल्या. पुढचं मी सांगते ते तिथे जमिनीवर पडलेल्या मातीत मी होते म्हणून.

“तिकडेही तीच बुरशी आहे,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई सांगतात. मग तुझं एक झाड का नाही मेलं रे?”

“मला काय माहीत?”

“मी दवाखान्यात पडले होते. किल्ली तुझ्याकडे होती.”

“ताई, नीट विचार करून बोल.”

“केला विचार. विष घातलंस तू माझ्या मातीत.”

व्यापाऱ्याने हातातला खोका हळूच खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. धाकट्याची बायको जिन्यावर होती. ती तिथूनच म्हणाली, “वन्सं, तुमच्या झाडांपायी हे दुपारी जेवायलासुद्धा वेळेवर येत नव्हते. आणि तुम्ही…”

धाकट्याने खिशातून दोन्ही काचघरांच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि वर गेला. थोड्याच दिवसांत नवरा-बायको शहरात राहायला गेले. एका गोदामात त्याला नोकरी मिळाली.

त्याच्या काचघरात टोमॅटो लाल होत राहिले. ताईंनी त्या दाराला हात लावला नाही. फळं पिकून गळली, फुटली, आणि काचेतून आत बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मुद्दाम जमीन रंगवली आहे. व्यापारी येईनासा झाला. ताई एकट्या निवडायच्या टेबलावर जेवायच्या, आणि जेवण झाल्यावर सवयीने तिघांची जागा पुसून घ्यायच्या.

इकडे डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. त्यांनी निरोगी रोपं उपटून मुळं धुतली, काही माझ्या बीजाणूंच्या पाण्यात बुडवली, काही शेजारणीच्या, आणि कुंड्यांत लावली. माझी रोपं मेली. शेजारणीची खुशाल वाढली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

त्यांचे सर खुर्चीतून न उठता म्हणाले, “एकाच जातीत थोडा कमीजास्तपणा असतोच. लिहा तसं आणि पुढच्या कामाला लागा.”

“सर, मी त्या ताईंना फोनवर ‘तीच बुरशी’ असं सांगितलंय. त्यावरून त्यांनी भावाला घराबाहेर घालवलं.”

“घरगुती भांडणं मिटवायचं काम आपल्याकडे नाही.”

“मिटवणं नाही, सर. पण लावून दिलं ते आपणच.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “काय हवंय तुम्हाला?”

“गुणसूत्रं बघायचीत. दोघींची.”

मग माझी जी काही वासलात लागली ती सांगते. पहिल्यांदा माझ्या अंगाभोवतीची भिंत एका द्रावणात विरघळवली. उघडं जे राहिलं ते मऊ जेलीच्या छोट्या वड्यांत घट्ट बसवलं, कारण गुणसूत्रं लांबलचक असतात आणि जरा हिसका बसला की तुटतात. त्या वड्या एका मोठ्या जेलीच्या कडेला खाचांत ठेवल्या. माझी एका खाचेत, शेजारणीची तिच्या लगतच्या खाचेत, आणि पुढे इतर ठिकाणच्या बहिणींच्या. मग त्यातून वीज सोडली. आधी एका तिरक्या दिशेने, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. दिशा बदलली की प्रत्येक गुणसूत्राला वळावं लागतं. मोठी धिप्पाड गुणसूत्रं वळता वळता दमतात आणि वरच राहतात. लहान चटकन वळतात आणि खाली पळतात. हे इतकं सावकाश चालतं की सर येताजाता विचारायचे, “झाला का तुमचा डोसा… म्हणजे ती तुमची जेली?” भुकेच्या वेळी ते फारसे गंभीर राहत नसत.

शेवटी जेली रंगवून जांभळ्या उजेडावर धरली. अंधाऱ्या खोलीत रेघा चमकल्या. वर मोठ्या गुणसूत्रांच्या जाड रेघा, एकमेकींना चिकटून. तिथे माझ्यात आणि शेजारणीत थोडाफार फरक होता, कुणाची रेघ बोटभर वर, कुणाची खाली. बाकीच्या बहिणींचंही तसंच. चेहरे सारखे पण आतली गाठोडी प्रत्येकीची वेगळी बांधलेली, हे मलाही तेव्हाच कळलं. पण डॉक्टरीणबाई वर बघतच नव्हत्या. त्या वाकल्या होत्या जेलीच्या तळाशी. माझ्या खाचेखाली, सगळ्यांच्या खूप खाली, एक बारीक रेघ होती. शेजारणीच्या खाली तिथे नुसता काळोख.

“सर,” त्यांनी हाक मारली. “जरा या.”

सर आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. “ही रेघ असणं आणि झाडं मरणं, दोन्ही एकत्र आलं म्हणून एकामुळे दुसरं होतं असं नाही.”

“मान्य. दाखवते.”

त्यांनी माझ्या लेकींना बशीमागून बशी बदलत वाढवलं. बशीत आयतं जेवण, टोमॅटो कुठेच नाही. जास्तीचं गाठोडं कशाला वागवायचं? काही लेकींनी ते वाटेतच टाकून दिलं. दिसायला त्या हुबेहूब माझ्यासारख्याच राहिल्या, वाढल्याही तशाच. पण त्यांना जेलीत चालवलं तेव्हा खालची रेघ नव्हती, आणि टोमॅटोच्या मुळांशी सोडलं तेव्हा रोपं मेली नाहीत. ज्यांनी गाठोडं जपलं त्यांनी रोपं मारली. सरांनी कुंड्यांची रांग पाहिली आणि एवढंच म्हणाले, “फोन करू नका. स्वतः जा.”

डॉक्टरीणबाई गेल्या. ताईंच्या निवडायच्या टेबलावर त्यांनी जेलीचा फोटो ठेवला आणि बोटाने दाखवत समजावलं. ताईंनी दोनदा विचारलं, “म्हणजे दिसायला तीच, पण ती नाही?”

“नाही. तुमच्याकडची मारते. त्याच्याकडची निरुपद्रवी आहे. ती त्याच्या मातीत आधीपासून ठाण मांडून बसलीय, म्हणून दुसरीला तिथं शिरकाव करणं सोपं नव्हतं. तुमची माती वाफेनं रिकामी झालेली. चूक माझी झाली, ताई. मी तीच म्हणाले.”

“मग ही माझ्याकडे आली कुठून?”

“तेच विचारायचंय. तुमच्या काचघरात असं काय आलं, जे भावाच्या काचघरात गेलं नाही?”

ताई उठल्या. कोपऱ्यातून काळ्या ट्रेची रास उचलून आणली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ट्रेच्या कोपऱ्यातली माती खरवडून नेली. त्यात मीच निघाले, रेघेसकट.

आता पुढची भेट. ती मला ऐकायला मिळाली, कारण मी ताईंच्या बुटाच्या तळव्यातल्या खाचेत होते. काचघरातले बूट बाहेर घालून जायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाई चारचारदा बजावून गेल्या होत्या. पण त्या दिवशी ताईंचं पायांकडे लक्ष नव्हतं. आधी त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेल्या. तिथे चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत म्हणाल्या, “माझ्या भावानं विष घातलं असं मी तुमच्यासमोर बोलले होते. ते खोटं होतं. रोग माझ्याच ट्रेमधून आला.” व्यापारी म्हणाला, “बसा ताई, पाणी घ्या.” त्या बसल्या नाहीत.

मग शहर, मग तीन मजले. दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली. “या वन्सं.”

धाकटा आतून आला. ताईंच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी त्याने पायांकडे बघितलं.

“काचघरातले बूट घालून आलीस?”

ताईंनी खाली पाहिलं. “अगं बाई!”

“तिथंच थांब. गॅलरीत माझं एक टोमॅटोचं झाड आहे, कुंडीतलं.”

ताईंनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. मी तिथेच राहिले, पण दार उघडं होतं. ताईंनी सगळं सांगितलं. फोटोतली रेघ, ट्रे, रिकामी माती. सांगताना कुठेही आवाज चढला नाही की पडला नाही. शेवटी म्हणाल्या, “तू म्हणाला होतास, दुसऱ्याचं वापरलेलं कशाला. मी ऐकलं नाही. पण ती चूक काही नाही. मी तुला जे बोलले, ती चूक.”

“व्यापाऱ्यासमोर बोललीस.”

“त्याला सांगून आले. आधी तिथं गेले, मग इथं.”

मग धाकट्याने विचारलं, “माझी झाडं?”

“मी दार उघडलं नाही.”

“पाणीसुद्धा नाही घातलंस?”

“तुझं होतं ते. मी कशी जाणार?”

“म्हणजे मेली.”

“मेली.”

“तुझी मी पाणी घालून मेली,” धाकटा सावकाश म्हणाला, “आणि माझी तू न घालता.”

आधी त्याची बायको हसली. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाला लावला. मग धाकटा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, तेव्हा त्याने मान खिडकीकडे फिरवली. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवत असतील तसा.

“परत ये,” त्या म्हणाल्या.

“नाही, ताई. लगेच नाही. इथली नोकरी बरी आहे. कुणी काही म्हणालं तरी ते मनाला लागत नाही, कारण ते माझे कुणी नाहीत.”

ताईंनी मान हलवली. त्यांना दुसरंही काही मागायचं होतं, ते ओठांवर येऊन परत जात होतं. शेवटी बायकोनेच विचारलं, “अजून काही आहे का, वन्सं?”

“डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याच्या मातीतली ती निरुपद्रवी बुरशी माझ्या मातीत सोडून बघू. पण माती तुझी आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी दार उघडणार नाही.”

“एवढंच?” धाकटा म्हणाला. “घे की. हवी तेवढी घे. फक्त ते ट्रे आधी जाळ.”

निघताना त्याने ताईंना बायकोच्या जुन्या चपला दिल्या आणि माझ्यासकट बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर गाठ मारून हातात दिले.

ताईंनी पुन्हा माती वाफवली. तिथल्या माझ्या बहुतेक लेकी त्यात गेल्या. मग डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या मातीतली शेजारीण दाण्यांवर वाढवून आणली आणि त्या निवलेल्या, रिकाम्या मातीत मिसळली. पुढच्या हंगामात दाराजवळची एक रांग तरीही मेली. मी अजून संपले नव्हते. बाकीच्या रांगा उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईंना स्पष्ट सांगितलं, “ही जादू नाही. दरवर्षी लक्ष ठेवावं लागेल.” ताई म्हणाल्या, “ठेवीन.”

आता मी डीप फ्रीजरमध्ये असते, बोटाएवढ्या नळीत, बाहेर माझ्या नावाची चिकटपट्टी. शेजारच्या नळीत ती, धाकट्याची. आमच्यात बोलणं होत नाही. इतक्या थंडीत कुणाचंच होत नाही. अधूनमधून फ्रीजर उघडतो, तेव्हा बाहेरचे चार शब्द कानावर पडतात. परवा डॉक्टरीणबाई बाहेरून आल्या त्या टोमॅटोचा खोका घेऊनच. प्रयोगशाळेतल्या लोकांनी मीठ लावून उभ्याउभ्या खाल्ले. त्या सांगत होत्या, भाऊ सुट्टीला आलाय, वेल बांधायला मदत करतोय, आणि जेवणभर दोघं भांडत होती.

“कशावरून?” सरांनी घाबरून विचारलं.

“पाणी किती घालायचं त्यावरून.”

धाकटा कायमचा परत येईल का, ते मला माहीत नाही. ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माझं म्हणाल तर मला माफी मागायची नाही. मी बुरशी आहे, भूक लागली की खाणार. पण एक विनंती आहे. अभ्यासासाठी मला अनेकदा बाहेर काढलं गेलं, बशीत वाढवलं गेलं, पुन्हा गोठवलं गेलं. नळीवरचं नाव तेच राहिलं आहे. आतलं लहान गाठोडं अजून माझ्यापाशी आहे की मीही ते कुठल्याशा बशीत टाकून आले, हे मला सांगता येत नाही. आतून काहीच वेगळं जाणवत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला नळी उघडाल, तर चिकटपट्टी वाचून माझ्याबद्दल बोलू नका. आधी मला जेलीत चालवा, आणि खाली वाकून बघा.